बारा दिवसांची घाण

केदारखेड्याच्या साखराबाईच्या अंगणात कोंबडीसुद्धा पाय पुसून येते, असं गावातल्या बाया म्हणतात. ही चेष्टा आहे हे साखराबाईला आजवर कळलेलं नाही. तिला ते कौतुकच वाटतं.

नवरा राधाकिसन मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने माळावर, तेव्हा घरात पसारा करायला माणूस नाही. तरी बाई दिवसातून तीनदा झाडते. मधली नऊ वर्षं ती जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात खडे निवडायला जात होती. तिथं एकदा मुकादमाच्या टेबलावरचे कागद तिनं आवरून ठेवले. ते सापडायला मुकादमाला आठवडा लागला.

तर अशा बाईला बबलूनं शिनेमाच्या शूटिंगवर झाडलोटीला लावलं. बबलू म्हणजे गावातला माणसं पुरवणारा. लग्न असो, सभा असो, माणसं त्याचीच. गावाबाहेरच्या माळावर मुंबईची मंडळी येऊन घोडे, बंदुका आणि मोठ्या टोप्यांचा पिच्चर काढणार होती. साखराबाईनं गोष्ट विचारली, तर बबलू म्हणाला, "एक टोपीवाला घोड्यावर येतो, दारू पितो, कुणाशी बोलत न्हाई, चार माणसं मारतो आन् निघून जातो."

"मंग त्यात काय बघायचं? असला एक आमच्या गल्लीतबी हाय. फक्त घोडा न्हाई."

माळावर लाकडाचं आख्खं गाव उभं केलं होतं. दारूचं दुकान, तुरुंग, न्हाव्याचं दुकान. सगळं समोरूनच. दार उघडलं की मागं सरळ रान. साखराबाईला ते बिलकुल पटलं नाही. भिंत नाही तर चूल मांडायची कुठं? वर आणखी, जालन्याच्या कोऱ्या पत्र्याला गंजाचा रंग द्यायला मुंबईहून माणूस आला होता. खरा गंज तिच्या न्हाणीच्या दाराला फुकट होता, तो कुणी विचारला नाही.

हे गाव म्हातारं दिसावं म्हणून खपत होती रेणू. जालन्याचीच पोरगी, चित्रकलेचं शिकलेली, आणि शिनेमातलं हे तिचं पहिलंच काम. दिवसभर चहाच्या पाण्यात पडदे बुडव, ग्लासांना काजळी लाव, डिंकासारखं काहीतरी ताणून कोळ्याची जाळी कर. ती साखराबाईला मावशी म्हणायची. साखराबाईचं झाडणं मात्र पलीकडं मंडळींच्या तंबूंपाशी, दुपारी तेवढ्या दोघी एकाच डब्यात जेवायच्या. साखराबाईला वाटायचं, पोरगी गुणाची आहे, पण कामाला उरक नाही. बारा दिवस झाले, अजून नुसता पसाराच.

तेराव्या दिवशी पहिला शॉट. सकाळी नऊला डायरेक्टर साहेब येणार, नारळ फुटणार. साखराबाई पहाटेच तिथं गेली. चार मोठी माणसं येणार आणि दारूच्या दुकानाला ही जाळी! पोरीची अब्रू जायची वेळ. तिनं पदर खोचला.

सात वाजता रेणू आली, तेव्हा गावातली सगळी जाळी निघाली होती. ग्लास राखेनं घासून चकचकीत झाले होते. पडदे धुऊन वाळत होते. रस्त्यावर शेणाचा सडा, आणि दारूच्या दुकानापुढं सहा पाकळ्यांची रांगोळी.

"मावशी, हे कोणी केलं?"

"कोण करणार, माझ्या सवती? मीच केलं. आता उपकार मानीत बसू नको, लेकीसारखी हायेस."

रेणू मटकन पायरीवरच बसली. "बारा दिवस लागले होते मला ती घाण करायला."

"आं? ती तू केल्ती?"

"तेच माझं काम हाय मावशी! गाव पन्नास वर्षं कुणी झाडलं न्हाई असं दिसायला पाहिजे. दोन तासांत साहेब येतील. हीरो उद्या संध्याकाळी चालला. आज शॉट झाला न्हाई तर मला घरी पाठवतील, आणि पहिल्याच कामावरून काढलेल्या पोरीला पुन्हा कोण बोलावतं?"

जन्मात पहिल्यांदा साखराबाईला हातातल्या झाडूची लाज वाटली. पण बाई रडत बसणाऱ्यातली नाही. तिनं राधाकिसनला फोन लावला. त्याची दोनशे मेंढरं पलीकडं गावातल्या अण्णासाहेबांच्या शेतात खतासाठी बसवली होती.

"अवो, मेंढरं घेऊन जल्दी या."

"कुठं?"

"शिनेमात."

"चहा घेतला का तू सकाळचा?"

"चेष्टा नका करू. इकडून तिकडं चार चकरा मारायच्या, बस."

"चारा हाय का तिथं?"

"काडीचा न्हाई."

"मंग मेंढरं काहून दमवायची उगं?"

"चाळीस वर्षं तुमच्या मेंढरांमागं झाडीत आले. आज पहिल्यांदा म्हणून राह्यले, घाण करू द्या. तर आता नखरे?"

मग राधाकिसन म्हणाला, "आलो."

दोनशे मेंढरं त्या लाकडी गावात घुसली. पहिल्या चकरेत रांगोळी गेली. दुसऱ्या चकरेत सडा उखडला आणि धुरळा असा उठला की समोरचा तुरुंग दिसेना. अंग घासून घासून खांब तेलकट काळे झाले, फळ्यांच्या फटीत लोकर अडकली. लेंड्यांचं तर विचारूच नका. दुकानातल्या आरशात एका मेंढ्याला दुसरा मेंढा दिसला. त्यानं चार पावलं मागं घेऊन धडक दिली, आरशाला वरपासून खालपर्यंत तडा. रेणू ओले पडदे घेऊन धुरळ्यात नाचत होती, म्हणजे तेवढेच मळतील.

नऊला गाडी आली. साहेब उतरले आणि सात शिंका दिल्या. गावभर दोनदा फिरले. खांबाला हात लावून हाताचा वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"हे कोणी केलं?"

बबलू आभाळाकडं बघू लागला. रेणू पुढं झाली. "मी... म्हणजे आम्ही, सर."

"परवा फोटो पाठवलेस तेव्हा गाव रंगवलेलं वाटत होतं. आज वापरलेलं वाटतंय." मग बुटाखाली बघितलं. "जास्तच वापरलेलं. चला, नारळ आणा."

शॉट लागला. हीरो ऐटीत घोड्यावरून उतरला तो नेमका ताज्या लेंड्यांवर, आणि बूट पुसायला माणूस मागू लागला. साहेब ओरडले, "कोणी काही पुसायचं नाही! अर्धा सीन उद्या आहे. इथली काडी जरी हलली तरी रेणू, तू जबाबदार."

आता काडी हलवणारी बाई गावात एकच. रेणूनं तिला खुर्ची दिली आणि राखणीला रस्त्याच्या कडेला बसवलं. झाडू बबलूच्या ताब्यात.

ते दोन दिवस साखराबाईनं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. समोर घाण आणि हात रिकामे. यापेक्षा बाळंतपण सोपं गेलं होतं, असं ती अजून सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यानं चहाचा एक कागदी कप उडून आला. ती अर्धी उठली, परत बसली, आणि हाक मारली, "रेणू, हा कप आपल्या घाणीतला का बाहेरचा गं?"

रेणूनं मोबाईलमधला कालचा फोटो बघितला. "बाहेरचा मावशी. उचला."

काय आनंदानं उचलला तिनं! त्याच हातानं बाजूची एक लेंडीही धरली.

"मावशी!"

लेंडी जागच्या जागी ठेवली.

चारच्या सुमारास साहेब म्हणाले, झालं. रेणूशी काहीतरी बोलले आणि गाडीत बसून गेले. रेणू पळतच आली. "मावशी, मला ठेवलं! गुरुवारपर्यंत तुरुंग घाण करायला सांगितलाय. मेंढरं पुन्हा मिळतील ना?"

"न्हाई गं. तीर्थपुरीला एका शेतात बसवायची बोली झालीय, सकाळीच गेले हे घेऊन."

रेणूचं तोंड पडलं. साखराबाईनं जरा विचार केला.

"माझ्या दिराच्या शेळ्या हायत. मेंढरं तरी सांगितलेलं ऐकतेत. शेळ्या एक नंबर हलकट. तुरुंगाला त्याच बऱ्या."