क्लेमच्या कोंबडीचा पाय

विराबूल गावात कोंबडी लंगडायला लागली की दोनच इलाज होते: कुऱ्हाड, नाहीतर व्हर्ना स्टोबार्ट. कुऱ्हाड निदान तोंड तरी वाजवत नाही, म्हणून पुष्कळ लोक कुऱ्हाडच पसंत करायचे. ज्यांचा कोंबडीवर फारच जीव, ते तिला बिअरच्या रिकाम्या खोक्यात घालून व्हर्नाच्या मागच्या दारी येत आणि मुकाट शिव्या खात. "ओल्यात ठेवतोस होय तिला? तुला ठेवू का महिनाभर ओल्या बुटांत?" हे तिने बँकेच्या मॅनेजरलाही ऐकवलं होतं. एकाहत्तर वर्षांची काटकुळी बाई. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या तळावर तीस वर्षं स्वयंपाक केलेला, त्यामुळे आवाज खणखणीत आणि जिभेला हाड नाही. पण कोंबडीच्या पायाबद्दल ती कधी खोटं बोलली नाही, हे तिचे वैरीही कबूल करत. वैरी म्हणजे जवळजवळ सगळा गाव.

त्यात पहिला मान नोलीनचा. नोलीन म्हणजे व्हर्नाच्या धाकट्या भावाची, क्लेमची बायको. क्लेमने साठाव्या वर्षी हे लग्न केलं. "ती तुझ्या घराला भुलली, तुला नाही," असं व्हर्ना त्याला तोंडावर म्हणाली, लग्नालाही गेली नाही, आणि तेव्हापासून बहीणभावांचं बोलणं बंद झालं. दीड वर्षाने क्लेम झोपेतच गेला. दफनाच्या वेळी दोघी बायका कबरीच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

म्हणून जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी, अंगणात हिव पडलेलं असताना, नोलीन दारात उभी दिसली तेव्हा व्हर्नाला वाटलं, ही भांडायलाच आली. पण तिच्या हातात खोकं होतं आणि खोक्यात पर्ल होती, क्लेमची शेवटची कोंबडी. काळी, जाडजूड, ऑस्ट्रालॉर्प जातीची, एक पाय पोटाशी आवळून बसलेली.

"चार दिवस पाय टेकत नाहीये," नोलीन म्हणाली. "तुझ्या दारात यायची मला हौस नाही, सांगून ठेवते."

"मला तरी कुठे आहे? आण इकडे."

व्हर्नाने पर्लला काखेत उलटी धरली. नडगीवरचे खवले सपाट होते, म्हणजे खवल्यांखाली शिरणारा किडा नव्हे. बोटं हलत होती, म्हणजे हाड शाबूत. मग तिने तळव्यावर अंगठा ठेवला. तळवा गरम होता, सुजून टम्म झाला होता आणि मधोमध काळी खपली धरली होती.

"मुका मार लागून आतून पिकलंय. आपल्याला कुरूप होतं ना, तसंच, फक्त पू धरलेलं. आणि हे चार दिवसांचं नाही, बाईसाहेब, चांगलं महिन्याभराचं आहे. तुझे डोळे काय गहाण पडले होते?"

"बरी होईल का?"

"माझ्याकडे राहिली तर होईल. तुझ्याकडे मरेल."

"पाय बरा झाला की न्यायला येणार मी. ती माझी आहे."

"ती क्लेमची आहे," व्हर्ना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ती कोंबडी परत द्यायची नाही, हे तिने तिथेच ठरवलं. भावाचं दुसरं काहीच तिच्याकडे नव्हतं.

दिवसातून दोनदा ती पर्लला एप्सम मीठ घातलेल्या कोमट पाण्यात उभी करायची. तिसऱ्या दिवशी खपली मऊ पडली. तेव्हा तिने पर्लला डोक्यासकट टॉवेलात गुंडाळलं, चिमट्याने खपली उचलली आणि आतली हरभऱ्याएवढी टणक पिवळी गाठ हलक्या हाताने बाहेर काढली. वर आयोडीन, वर पट्टी, खाली कोरड्या गवताची गादी. रोज पट्टी बदलताना ती पर्लशी इतक्या हळू आवाजात बोलायची की गावाने ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

गावाने ऐकलं ते वेगळंच. बेकरीत पावासाठी रांग लागलेली असताना व्हर्नाने जाहीर केलं, "माझ्या भावाची कोंबडी पांगळी केली त्या बयेने. घाणीत ठेवते, घाणीत!" आता फक्त पुरावा हवा होता. नवव्या दिवशी ती नोलीनच्या परसात जाऊन उभी राहिली.

"खुराडं दाखव."

नोलीनने दार उघडलं. आत घाणीचा मागमूस नव्हता. पाणी ताजं, अंड्यांच्या पेटीत कोरडा पेंढा. व्हर्नाचा अगदी विरस झाला. मग तिची नजर वर गेली. कोंबडीने बसायची दांडी माणसाच्या डोक्याइतकी उंच, आणि खाली उघडं सिमेंट. एवढी जड कोंबडी रोज सकाळी तिथून धप्पकन खाली येणार, मग तळवा फुटेल नाहीतर काय होईल?

हे सिमेंट कुणी घालायला लावलं, ते तिला आठवलं. सहा वर्षांपूर्वी कोल्ह्याने जमीन उकरून क्लेमच्या तीन कोंबड्या नेल्या, तेव्हा ती इथेच कमरेवर हात ठेवून उभी होती. "उकरायला जागाच ठेवू नकोस. आणि दांडी चढव वर." क्लेम म्हणाला होता, वजनदार जातीच्या आहेत गं, पायांना लागेल. "पायांचं मला शिकवू नकोस," ती म्हणाली होती.

"काय सापडलं?" नोलीनने विचारलं. तिचा आवाज घाबरलेला होता. "माझं काय चुकलं, सांग ना. त्याने ठेवलं होतं तस्संच ठेवलंय सगळं. एक खिळासुद्धा हलवला नाही मी."

एक वाक्य पुरलं असतं. खाली पेंढा घालायला काय झालं होतं, एवढंच म्हणायचं. गावाने मान डोलावली असती आणि पर्ल कायमची व्हर्नाची झाली असती. व्हर्नाने दांडीचे बोल्ट चाचपले.

"तुझं काही चुकलं नाही," ती शेवटी म्हणाली. "दांडी उंच आहे, खाली सिमेंट आहे. दोन्ही मी करायला लावलं. क्लेम नको म्हणत होता. माझं चुकलं."

नोलीनने तिच्याकडे रोखून पाहिलं. चेहऱ्यावर दयामाया काही नव्हती.

"एवढं तुझ्या तोंडून ऐकायला तो दीड वर्ष थांबला होता," ती म्हणाली. "रविवारी, तुझ्या यायच्या दिवशी, बाहेर गाडी वाजली की उठून खिडकीशी जायचा." मग डोळे पुसून म्हणाली, "दांडी खाली घे. बेकरीत जे बरळलीस ते निस्तर. आणि संध्याकाळी माझी कोंबडी आणून दे."

व्हर्नाने पाना मागितला. नोलीनने तो आणला, तिच्या पुढे केलेल्या हातात न देता सिमेंटवर ठेवला आणि घरात निघून गेली.