घोरणं थांबलं तेव्हा

दुपारच्या जेवणानंतर माझा थोरला भाऊ दिवाणावर आडवा झाला आणि लगेच घोरू लागला. मुलं खुसखुसत होती. मध्येच घोरणं थांबलं. मी सहज पाहिलं, तर दादाची छाती हलतच नव्हती. मी उठणार इतक्यात तो दचकला, मोठ्याने श्वास ओढला आणि पुन्हा झोपला.

"असंच असतं यांचं," वहिनी म्हणाली.

मी हट्टाने दोघांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत हृदयाचे ठोके अनियमित निघाले. डॉक्टर म्हणाले, "झोपेत यांचा श्वास सारखा अडतो. हे झोपलेले असतात, पण हृदयाची मात्र धडपड चाललेली असते."

झोपलेल्या माणसाला आपण किती सहज सुखी समजतो!

आता दादा औषधं घेतो, श्वासाच्या यंत्राचा मास्क लावून झोपतो. आधी कुरकुरला, पण आता जिना चढताना धाप लागत नाही. परवा मी गेले तेव्हा तो झोपलेला होता. छाती संथपणे वरखाली होत होती. वहिनी त्याच्याकडे बघत हळूच म्हणाली, "घोरणं थांबलं की मला वाटायचं, आत्ता कुठे यांना गाढ झोप लागली. मग मीही निवांत डोळे मिटायचे."