तारकर्लीच्या भिंतीवरचा तेरावा छाप

आमच्या ह्यांनी दगडावर काढलेलं एक चित्र आहे. माणूस नाही, झाड नाही, नुसते काळे फटकारे. त्या दगडावरून कागदावर बारा छाप निघाले. बाराही माझ्या कपाटात आहेत. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मार्चमध्ये भाचीने तारकर्लीच्या लॉजमधून फोटो पाठवला, तर भिंतीवर तेच चित्र! तेरावं आलं कुठून? छापणारे शिरोड्याचे मिंगेल, दगडही त्यांच्याकडेच. गेलेल्या माणसाच्या नावावर नवे छाप काढून विकतायत, असं मनात आलं आणि कोल्हापूरहून मालवणची एसटी धरली.

घाटात वळणं फार, आलेपाक जवळ ठेवा. मालवणहून तारकर्लीला रिक्षा मिळते. जेवताना सुरमईच्या मागे लागू नका. बांगड्याची थाळी स्वस्त आणि ताजी.

लॉजवर चष्मा लावून चित्र पाहिलं. सही ह्यांचीच वाटली. पण पेन्सिलची सही कोणीही गिरवेल.

"कितीला घेतलंत?" मी मालकिणीला विचारलं.

"इकत खंयचा, काकी! पपान दिल्यान. ते शिरोड्याक असतत."

म्हणजे मिंगेलची मुलगी. संशय वाढलाच.

सकाळी मालवणहून वेंगुर्ला, तिथून दुसरी बस शिरोड्याला. पूर्वी काजूच्या डब्यांची लेबलं छापणारे मिंगेल आता पत्र्याच्या पडवीत एकटेच असतात. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी घेतला नाही.

"तेरावा छाप कुणाचा?"

"माझो. छापणाऱ्यान एक आपल्याक ठेवूचो, ही रीतच आसा. तुमच्या वसंतान सही करून दिल्यान. तुमका सांगूक नाय?"

"नाही."

"मगे आता त्येकाच इचारा."

मी दगड दाखवायला सांगितला. गोणपाट काढलं. चित्रावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोल ओरखडा.

"बारा नि माझो एक झाले तेव्हा वसंतानच मारल्यान. परत कोणी छापूक नको म्हणान."

"तरी शाई लावा."

"वैनी, तुमी पोलिसात जावक होया होतात!"

त्यांनी स्पंजने दगड ओला केला, रूळ फिरवला. पाणी धरलेल्या जागेवर शाई बसली नाही, फटकाऱ्यांवर बसली. वर कागद ठेवून दाबला आणि उचलला, तर सगळ्या काळ्यातून एक पांढरी रेघ गेलेली. तारकर्लीच्या चित्रात ही रेघ नव्हती. तो छाप ओरखड्याच्या आधीचा होता.

मी पाणी मागितलं.

रेघ असलेला कागद मिंगेलनी गुंडाळून दिला. तो आता स्वयंपाकघरात लावलाय. रेघ शेवटी जरा वर उचललेली आहे. सामानाच्या यादीतली आणलेली वस्तू हे अशीच खोडायचे. दगडावरचं छापात उलटं उमटतं, तरी मी ओळखली. तेराव्याबद्दल मला का सांगितलं नाही, हे मात्र रोज चहा टाकताना त्या रेघेला विचारते.