कोणाकडची पाहुणी

दसऱ्याच्या दिवशी घरी आलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण’ असं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. त्या दिवशी दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं यायची, ट्रकमध्ये उभी राहून, रेल्वेच्या डब्याला लटकून, आणि त्यातली पाच-दहा उत्तर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत उतरायची. काही बाबांच्या गावची, काही आईच्या गावची, आणि काही नुसतीच वाटेत गप्पा मारत मारत सोबत आलेली. पाय धुवायला पाणी द्यायचं, ताट वाढायचं, ओसरीवर सतरंजी टाकायची. नाव-गाव विचारलं तर समोरच्याला वाटायचं, हे लोक माणूस पारखून जेवू घालतात. पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले की मग आई बाबांना विचारायची, “तो चष्मेवाला कोन होता, तुमच्याकडला?”

“मले वाटलं तुझ्याकडला.”

आणि दोघं हसायचे. चार ताटं जेवून गेलेला चष्मेवाला कोणाचाच नव्हता, हा विनोद त्यांना पुढचा महिनाभर पुरायचा.

सत्तरच्या सुमारास एक वर्ष असं आलं की घरात कोणी हसेना. रडेनाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. उन्हाळ्याच्या तोंडावर माझी मोठी बहीण कावीळ होऊन गेली. सोळा वर्षांची होती. आजारपण अकरा दिवसांचं. ती गेल्याच्या चौथ्या दिवशी पहाटे मिलचा भोंगा वाजला आणि बाबा उठून कामावर गेले. पाचव्या दिवशी आईने विड्यांचं सूप मांडीवर घेतलं. तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. तिच्या हाताचा वेग तसूभरही कमी झाला नव्हता. शेजारच्या बाया आईला रडवायला यायच्या. रडली की मोकळी होईल, असं त्यांचं म्हणणं. आई त्यांच्यासाठी चहा मांडायची. त्या स्वतःच रडायच्या, चहा प्यायच्या आणि चांगल्या मोकळ्या होऊन घरी जायच्या. एक तर दर बुधवारी यायची. चहात आलं असलं की जास्त रडायची.

त्याच आठवड्यात स्वयंपाकातलं मीठ गेलं.

आई भाजीत मीठ टाकायला विसरली. बाबा काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वांग्याची भाजी अळणी, तुरीचं वरण अळणी. मला वाटलं, माझी जीभ गेली. दुःखाने माणसाची भूक जाते, झोप जाते, हे मी त्या बायांकडून ऐकलं होतं. मग चवही जात असेल. पण शाळेबाहेरच्या गाडीवरचा मीठ-तिखट लावलेला पेरू खाल्ला की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणजे घराबाहेर माझी जीभ ठणठणीत होती आणि घरात मेलेली. मिठाचा डबा चुलीमागच्या फळीवर होता. एक खडा तोंडात टाकला असता तर काय ते कळलं असतं. मी टाकला नाही. कळून पुढे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

तिघं जण असे सहा महिने जेवलो. वाढ, बस, पुरे, एवढेच शब्द. दिवस वाईट होते असंही मी म्हणणार नाही. बाबांना मिलमध्ये विणायला नवा साचा मिळाला, मला गणितात पैकीच्या पैकी मार्क पडले, छतावरून एकदा माकड पडलं. सगळं एकाच उंचीचं होतं.

मग दसरा आला. बाबा पाळीवर होते. आईने वाटाण्याची भाजी टाकली आणि सूप बाजूला न करताच मला म्हणाली, “जा, तुह्या मामाकडचे लोक नेहमीच्या निंबाखाली बसले असन. घेऊन ये.”

मी दीक्षाभूमीवरच्या गर्दीतून वाट काढत निंबापाशी गेले. मामाकडचं कोणी नव्हतं. मरण झालेल्या घरावर पाहुण्यांचा भार नको, म्हणून ते सावनेरहून निघालेच नव्हते, हे नंतर कळलं. निंबाखाली पांढऱ्या लुगड्यातली एक बाई गाठोड्यावर बसली होती. पन्नाशीची, काळी, काटक, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“कोनाले पाहून राहिली वं?” तिने विचारलं.

“पाहुन्याईले.”

“भेटले काय?”

“नाही.”

“मलेही नाही भेटले माह्ये लोक. ट्रक गेला वाटते. तुह्या घरी जेवन झालं काय?”

“नाही. आठ जनाईचं केलं आहे.”

“मंग चाल,” ती म्हणाली आणि गाठोडं डोक्यावर घेऊन माझ्यापुढे चालू लागली. रस्ता तिला माहीत नव्हता, तरी पुढेच.

ती आमची कोणी नाही, हे मला त्या क्षणापासून पक्कं माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचा महिनाभर ही गोष्ट माहीत असलेली मी घरात एकटीच होते.

झालं असं की आम्ही दारात पोचलो तेव्हाच बाबांच्या गावचे, उमरेडकडचे चार पुरुष तिथे पाय धूत होते. त्यांच्यामागे तिनेही पाय धुतले. आईला वाटलं, ही यांच्यासोबतची. आईने मला फक्त “मामा?” एवढंच विचारलं. “नाही आले,” मी म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. संध्याकाळी बाबा आले, तर मला पाहुणे आणायला पाठवलं होतं हे त्यांना ठाऊक; त्यांना वाटलं, ही आईच्या माहेरची. उमरेडच्या चौघांना ती या घरातलीच वाटली. तिने त्यांना प्यायला पाणी नेऊन दिलं होतं.

पंगत बसली. त्या चौघांनी पहिला घास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि खाली माना घालून जेवू लागले. बाईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “भाजीत मीठ नाही वं, बाई.”

आईचा पळी धरलेला हात तिथेच राहिला. “नाही?”

“नाही. वरनातही नाही.”

“खरंच नाही काय?” बाबा म्हणाले. गाडी सुटली काय, असं फलाटावर विचारावं तसं. “मले वाटे, माहीच जीभ गेली.”

“माहीबी,” मी म्हटलं.

उमरेडच्या चौघांतला थोरला घसा खाकरून म्हणाला, “आमाले वाटलं, तुमच्याकडे दुखवट्यात मीठ सोडत असन.”

“कधीपासून?” आईने बाबांना विचारलं.

“झाले सहा महिने.”

“अन् बोलले नाही?”

आई उठली, फळीवरचा डबा काढला आणि प्रत्येकाच्या ताटात कडेला मिठाची चिमूट ठेवत गेली. माझ्या ताटाशी आली तेव्हा थोडा वेळ थांबली. मी भाजीत मीठ कालवून घास घेतला. भाजी चांगली झाली होती. सहा महिने बहुधा रोजच चांगली होत होती.

दुसऱ्या दिवशी उमरेडचे गेले, बाई राहिली. ती दीक्षाभूमीवर जाऊन आली, मैदान रिकामं झालं होतं. आली आणि आईसमोर बसून पानं कापू लागली. तिला दिसेल ते ती बोलायची. कौलातून ऊन येते. या पोट्टीचे केस तेलाले तरसले. बुधवारवाल्या बाईला तिने पहिल्याच भेटीत विचारलं, “तुमच्या घरी चहा नाही भेटत काय वं?” ती पुढच्या बुधवारी आली नाही.

खोलीतल्या दोरीवर ताईचा शाळेचा निळा स्कर्ट सहा महिन्यांपासून लोंबत होता. आम्ही त्याला वळसा घालून ये-जा करत होतो. बाईने तो हाताने बाजूला केला. “हा कोनाचा?”

“मोठीचा,” आई म्हणाली.

“घालते काय कोनी?”

“नाही.”

“धुवाले झाला.”

एवढंच बोलणं झालं. आईने तो स्कर्ट उतरवला, धुतला, वाळवला आणि पेटीत ठेवला. रडली नाही. तिने संध्याकाळच्या भाजीत मीठ टाकलं, हे मी पाहिलं. मी आता रोज चुलीजवळ बसून तेवढंच पाहत होते. बाई आहे तोवर मीठ पडेल, असं माझं गणित होतं, आणि गणितात मी हुशार होते. बाई कोणाची नाही हे कळलं की ती जाईल. ती गेली की आम्ही तिघं पुन्हा मुकाट्याने अळणी जेवू. म्हणून मी पहारा सुरू केला.

आई विचारायची, “उमरेडकडे पानी-पाऊस बरा झाला काय?”

बाई म्हणायची, “झाला असन.” मी तेवढ्यात तांब्या पाडायची.

बाबा विचारायचे, “सावनेरच्या खानीत भरती चालू आहे म्हनते?”

“असन बापा,” बाई म्हणायची. मला लगेच खोकल्याची उबळ यायची, किंवा पायात काटा जायचा. त्या महिन्यात मला इतके काटे गेले की बाबांनी मला मिलजवळच्या दुकानातून नव्या चपला आणून दिल्या.

दिवाळीच्या सुटीत मामा आले. मी दारातच त्यांचा हात धरून त्यांना नव्या चपला दाखवल्या, पेपर दाखवले, माकड पडलं ती जागा दाखवायला बाहेर नेऊ लागले. मामा आत आले. बाई चुलीपाशी भाकर थापत होती.

“ही बाई कोन वं?” मामांनी हळूच आईला विचारलं.

“यायच्याकडली. उमरेडची.”

“माह्याकडली?” बाबा म्हणाले. “तुह्याकडली ना?”

“माह्याकडली असती तर हा विचारन काय?”

बाबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी हात वर केले. मग तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. काटा टोचून घ्यायला जवळपास काही नव्हतं.

“तू आनली?” आईने विचारलं.

“तूच म्हटलं, घेऊन ये.”

“कोनाले?”

“ते नव्हते.”

तव्यावरची भाकर उलटून बाई म्हणाली, “मले वाटलं, तुमाले माहीत आहे. जेवाले देता, निजाले देता. कोनी विचारलं नाही, मी सांगतलं नाही. आर्वीच्या पुढे आहे माह्यं गाव.”

“घरचे शोधत नाही काय?” मामांनी विचारलं.

“पोराले वाटत असन, बहिनीकडे गेली वर्ध्याले. बहिनीले वाटत असन, घरी आहे.” तिने भाकर टोपल्यात टाकली. “मीही थांबली, पाहू म्हटलं, कोनी येते काय.”

आईने सूप पुढे ओढलं, पण पान उचललं नाही.

“राहा ना मंग,” बाबा म्हणाले. “जागा काही कमी नाही.” जागा कमीच होती.

“कापूस फुटला असन गा. सून एकटी किती वेचन?” बाई म्हणाली. “आता त्याले आठोन येईन माही. पहिल्या वेचनीले येतेच.”

तिसऱ्या दिवशी बाबांनी तिला आर्वीच्या गाडीत बसवून दिलं. आईने जवसाची चटणी बांधून दिली, आणि तिच्या उजव्या चपलेसारखी दिसणारी स्वतःची एक जुनी चप्पल, म्हणजे निदान तिची जोडी जुळावी. ती नेमकी उजव्याच पायाची निघाली. बाई त्या दोन उजव्या चपला आणि एक डावी घेऊन गेली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “तेल लावत जा वं.” मागे वळून पाहिलं नाही. मीही गाडीच्या खिडकीमागे धावले नाही. मला काही वाटायला हवं होतं, ते कुठे शोधायचं ते कळेना.

त्या दिवशी मी चुलीजवळ बसले नाही. काय दिसेल याची खात्री होती.

दिवेलागणीला तिघं जेवायला बसलो. वांग्याची भाजी, वरण, भाकर. मी घास घेतला. अळणी. बाबांकडे पाहिलं. ते चावत होते. आई आपल्या ताटाकडे पाहत होती, तिने अजून काही तोंडात घातलं नव्हतं. बाबांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. माझ्या तोंडात तो पहिलाच घास तसाच होता. वाटलं, आता हे असंच. पुन्हा उन्हाळा येईल, पुन्हा दसरा, आणि निंबाखाली दर वर्षी कोणी बसलेलं थोडंच असणार.

“मीठ नाही,” बाबा म्हणाले.

आईने मान वर केली. “माहीत आहे,” ती म्हणाली. “पाहून राहिली होती, कोनी बोलते काय.”

ती उठली आणि डबा घेऊन आली. बाबांच्या ताटात मीठ ठेवलं, माझ्या ताटात ठेवलं, स्वतःच्या ताटात ठेवलं. आम्ही कालवलं आणि जेवू लागलो.

“जास्त झालं,” बाबा म्हणाले.