मीटरची दोरी

मुकादमाची तीस वर्षं मॅनहोलमध्ये उतरण्यात गेली. वर दोरी धरायला एक माणूस द्या, ही त्याची मागणी जुनी. "बघू" हे उत्तरही तितकंच जुनं. परवा साहेबांनी सुरक्षेची योजना वाचून दाखवली आणि गॅस मोजायचा नवा मीटर त्याच्याकडे देत बजावलं, "महागाचा आहे. पडला तर खैर नाही!"

मुकादमाने मीटर आधी खाली सोडून हवा तपासली, मग तो कमरेच्या पट्ट्याला बांधला. त्याच पट्ट्याला दोरी अडकवून दुसरं टोक साहेबांच्या हातात दिलं. "मीटर घेऊन उतरतोय साहेब, सांभाळा."

तासभर साहेब डोळ्यांत तेल घालून उन्हात उभे. मुकादमाला सख्ख्या आईनेही इतकं जपलं नसेल.

तो वर येताच साहेबांनी विचारलं, "ठीक आहे ना?"

"एक ओरखडा नाही," म्हणत मुकादमाने मीटर त्यांच्या हातात ठेवला.