अंगणातला नाच

आईची तेरवी झाली. त्या दुपारी ताई अंगणात नाचली आणि बायका तिच्या पाया पडल्या.

ताई माझी थोरली बहीण. लग्नानंतर ती मुंबईला असे. तिथे एका परदेशी बाईंच्या वर्गात ती नाच शिकली. बॅले, जाझ आणि अलीकडचा मोकळा नाच यांचे ते मिश्रण होते. घुंगरू नाहीत, मुद्रा नाहीत, कथाही नाही. मनात असेल ते अंगाने सांगायचे. मी नागपूरला कॉलेजात होतो, तेव्हा तिने पत्रातून मला हे समजावले होते. आमच्या गावात, अमडापुरात, कोणाला त्याची कल्पना नव्हती.

आईसाठी ती रडली नव्हती. त्या दुपारी तिने पदर खोचला. टाचा उचलून ती सावकाश फिरली, गुडघ्यांवर कोसळली, उठली. कोणाला तरी कवेत धरावे तसे तिचे हात वळले आणि मग सुटले. बसायला आलेल्या बायका ओसरीवरून पाहत होत्या. शेजारची काकू कुंकवाचा करंडा घेऊन धावली आणि तिच्या पायांवर पडली.

"देवी आली वो अंगात!"

"काकू, उठा. हा नाच हाय. मुंबईले शिकली मी."

"देवी काय सोताहून सांगते का, मी देवी हाय म्हून?" मागून एकजण म्हणाली.

बाबा जवळ आले. हळूच म्हणाले, "राहू दे पोरी, देवीच समजू दे त्याहिले. नाचली म्हनतीन त मले गावात तोंड दाखवता येनार नाही."

"आईसाठी होतं ते, बाबा."

काकूने पाय सोडले नव्हते. तिचा मुलगा लढाईवर गेला होता आणि त्याची खबर येणे थांबले होते.

"माय, माहा पोरगा वापस येईन का?"

मला वाटले, हा नाच आहे असे ताई पुन्हा सांगेल. तिने काकूच्या डोक्यावर हात ठेवला.

"येईन," ती म्हणाली.

मुलगा आला. पुढे ताई माहेरी आली की बायका दारात बसून असत, कोणी तान्हे मूल घेऊन, कोणी आजारी सासूला धरून. तिने येणे कमी केले. मग मुंबईतला वर्गही सोडला. का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाली, "हात उचलले की कोणीतरी काही मागेल, असं वाटतं."

ताई गेल्या महिन्यात वारली. बाबा त्याआधीच गेले. अंगणात ती नाचली त्या जागी शेंदूर लावलेला दगड आहे. मंगळवारी बायका तिथे नारळ ठेवून जातात.