माझ्यासाठी थांबलेली एक्स्प्रेस

माझ्यासाठी आजवर कोणी फारसं थांबलेलं नाही. व्हाइटफील्डची ऑफिस कॅब थांबत नाही, सोसायटीची लिफ्ट थांबत नाही, आणि पार्टीला मी पोचेपर्यंत मंडळी बडीशेप चघळत असतात. अशा माणसासाठी एक सबंध एक्स्प्रेस थांबली. का थांबली ते सांगितलं की माझी ऐट उतरते, पण सांगतोच.

सासरे नागपूरहून येणार होते. त्यांनी जन्मभर तिथल्या कोर्टात अपघाताच्या भरपाईचे दावे चालवले. सरकारला खिंडीत गाठणं हा त्यांचा आवडता व्यायाम. आमचं घर येलहंकाच्या पुढे, रुळांच्या या बाजूला, स्टेशन त्या बाजूला, मध्ये फाटक. निघायला उशीर झाला, कारण मी कार धूत बसलो होतो. सासऱ्यांवर छाप पाडायची होती.

फाटकाचा हूटर वाजत होता, दांडा खाली येत होता. पुढचा स्कूटरवाला मान खाली घालून सटकला. मी अंदाज घेतला.

"अरे, थांब!" बायको म्हणाली.

"जातेय गं, बघ तू."

गेली. अर्धी. मग टपावर धाडकन आवाज झाला, दांडा कॅरियरवर आपटून मोडला आणि मी घाबरून ब्रेक मारला, तेव्हा कारचं धुतलेलं नाक रुळांपासून हातभर लांब होतं.

साडीवर नारिंगी जाकीट घातलेली फाटकवाली धावत आली. मी काच खाली करून ओरडलो, "अक्का, ट्रेन! ट्रेन!"

"ट्रेन बरल्ला, सर," ती म्हणाली. म्हणजे, येणार नाही. "रिवर्स, रिवर्स. स्वल्प निधान." जरा हळू. तिनं तळहात असा हळूहळू मागे ढकलून दाखवला, की मीही त्याबरोबर हळूहळू मागे गेलो.

जीव वाचला की माणसाला कंठ फुटतो. माणसं जमली, तसा मी हिंदीत भाषण करू लागलो: लोकांच्या डोक्यावर दांडे पाडतात, सरकार जबाबदार आहे, भरपाई घेतल्याशिवाय राहणार नाही. स्कूटरवाला परत आला होता. "सर, केस डालो. हूटर बजा ही नहीं, मैं गवाह हूं." मला हे ऐकायला फार गोड वाटलं. बायकोला वाटलं नाही. ती टपावरचा पोचा बघत होती.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"जावईबुवा, गाडी रानात उभी करून ठेवली. कोन्या शहाण्यानं फाटक तोडलं म्हणते."

मी आवाज सरळ ठेवला. "बाबा, समजा, एखाद्याच्या कारवर फाटक पडलं. सरकार भरपाई देतं?"

"फाटक उघडं ठेवून आगगाडी सोडली, तर मी सोडतो काय सरकारले? हूटर वाजला नसन, तरी दावा होते. पण सरकार म्हणजे कोण? कोन्या तरी एका माणसाची चूक दाखवा लागते. तो सस्पेंड होते, सरकार जागच्या जागी राहते."

"आणि हूटर वाजला असेल तर?"

"तर कारवालाच गुन्हेगार. काहून विचारून राहिले?"

"असंच."

"फाटक लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही, जावईबुवा. एक दांडा मोडला, अन् आम्ही सारे इथं बसून हावो."

फोन ठेवून मी रुळांच्या टोकाकडे पाहिलं. दूर, वळणाजवळ, एक दिवा दिसत होता. हलत नव्हता. एवढं लोखंड, चहावाले, बर्थवर झोपलेली पोरं, संत्रा बर्फीचा डबा मांडीवर घेतलेले सासरे, सगळं जिथल्या तिथे थांबलेलं, कारण माझ्या दंडाएवढा एक दांडा त्याच्या खोबणीत पोचला नव्हता. त्या गाडीतलं कुणी मला ओळखत नव्हतं (एक सोडून). पण कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी माझा विचार करून ठेवला होता: एक मूर्ख येईल, घाईत येईल, त्याला मरू द्यायचं नाही. इतका बारीक विचार माझ्या आईनंही केला नसेल.

फाटकवालीनं रस्त्यावर दोन्हीकडे साखळ्या ओढून कुलपं घातली, केबिनमध्ये फोनवर बोलली आणि हिरवा झेंडा घेऊन उभी राहिली. दिवा हलला.

गाडी माणसाच्या चालीनं आली. इतक्या हळू जाणारी एक्स्प्रेस मी कधी पाहिली नव्हती. इंजिन घराएवढं उंच होतं. पायाखालची जमीन आधी बोलली, मग माझ्या कारचे आरसे थरथरले. त्या धुडासमोर ती आणि रुमालाएवढं हिरवं कापड. ड्रायव्हरनं खिडकीतून तिला हात केला. मग डबे, खिडक्या, चेहरे, आणि एका खिडकीत सासरे. त्यांनी मोडका दांडा पाहिला, कार पाहिली, मला पाहिलं. मी, दुसरं काय करणार, हात हलवला.

गाडी गेल्यावर मोटरसायकलवरून रेल्वेचे साहेब आले.

"हूटर बजा था?"

"नहीं," स्कूटरवाला म्हणाला.

"बजाया, सर," फाटकवाली एकदाच म्हणाली. मग झेंडा गुंडाळू लागली. तो नीट गुंडाळला जाईना.

साहेब माझ्याकडे वळले. "आप बोलिए. सुना था?"

मी नाही म्हटलं असतं, तर सरकार जागच्या जागी राहिलं असतं आणि ही फाटकवाली नोकरी गमावून घरी गेली असती. बायकोही हूटर ऐकत बसली होती ना शेजारी.

"सुना था. साफ सुना था."

"फिर घुसे क्यों?"

"ससुरजी आ रहे थे."

सगळे हसले. ती हसली नाही. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाली आणि केबिनमध्ये पळाली; फोन वाजत होता, मागून दुसरी गाडी होती.

साहेबांनी मला रेल्वे पोलिसांच्या चौकीत नेऊन बसवलं; बायकोनं फोन केला, तसे सासरे स्टेशनवरून रिक्षानं थेट तिथे आले. माझ्या बाकावर टेकले.

"हूटर वाजला होता?"

"वाजला होता."

"अन् तुम्ही तसं सांगितलं?"

"सांगितलं."

"मंग केस हरलोच आपण," ते म्हणाले, आणि डबा उघडून बर्फीचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.